ओंजळभर काढा

ऐका मुलांनो. एका जंगलात ओढ्याकाठी अस्वल, कासव आणि खार असे तीन वैद्य मिळून एकच दवाखाना चालवत असत. औषधे सामाईक, रोगीही सामाईक. पण एकाने रोगी तपासायला घेतला की दुसऱ्याने त्यात चकार शब्द काढायचा नाही, अशी तिथली रीत होती. खार नवीन आली तेव्हा कासवाने तिला पहिल्याच दिवशी बजावले होते, "इथे आम्ही एकमेकांचा मान राखतो." असे सहकारी मिळायला भाग्य लागते, असे तेव्हा खारीला वाटले होते.

एके सकाळी सशीण पोट फुगलेले पिल्लू घेऊन आली. पिल्लू केवढे, तर खारीच्या शेपटीएवढे. अस्वलाने ते चाचपून पाहिले आणि पोट साफ व्हावे म्हणून बहाव्याच्या शेंगांचा काढा पाजायला घेतला. मापाला घेतली स्वतःची ओंजळ! खार पलीकडे मुळ्या निवडत होती. तिची नजर त्या ओंजळीवर गेली. "अहो, एवढ्याशा जिवाला एवढा काढा?" हे शब्द अगदी ओठांवर आले. तिने कासवाकडे पाहिले. कासव मान आत ओढून बसले होते. मग खारीनेही ओठ मिटले आणि ती पुन्हा मुळ्या निवडू लागली.

दुपारपर्यंत जुलाबांनी पिल्लाच्या अंगातले सगळे पाणी गेले. तिघांनी खूप धावपळ केली, पण पिल्लू पाण्याचा घोटही गिळेना. ऊन उतरायच्या आत ते गेले. "काढा जास्त होतोय, हे मला सकाळीच दिसलं होतं," खार कशीबशी म्हणाली. "मलाही," कासव पुटपुटले. अस्वल खाली मान घालून बसले होते. "शंका मलाही आली होती," ते म्हणाले. "पण तुम्ही दोघं बघत होतात. कुणी काही बोललं नाही, म्हणून मला वाटलं, बरोबरच असेल."

आता खारीला उमगले. तिघांनाही ठाऊक होते! सशीण पिल्लाला उराशी धरून सगळे ऐकत होती. तिने एवढेच विचारले, "मग बोलला का नाहीत?" एकमेकांचा मान राखायला गप्प राहिलो, हे खरे उत्तर खारीजवळ होते, पण ते त्या आईला सांगायला तिची जीभ रेटेना.

तात्पर्य : सोबत्याची चूक दिसत असूनही जो गप्प बसतो, तो त्याचा मान राखत नाही, तो त्या चुकीचा वाटेकरी होतो.