पंचवीसशे एकविसावा

फार मागची गोष्ट. एका डोंगरी राज्यात एक सेनापती होता. त्याच्या फौजेत पंचवीसशे वीस शिपाई होते आणि या आकड्याचा त्याला भारी अभिमान होता. दोनदोनच्या रांगा करा, तीनतीनच्या करा, पार दहादहाच्या करा. शेवटी कोणी उरत नसे.

एकदा शत्रू मागे लागला म्हणून फौज दोर धरून नदी ओलांडत होती. सगळ्यांच्या मागे रखमाजी नावाचा शिपाई होता. तो मध्यावर असतानाच मागे सोडलेल्या काठावर शत्रूचे घोडे दिसले. सेनापतीने दोर कापला. रखमाजी वाहून गेला.

"एकच तर गेला," सेनापती म्हणाला. "गावातून दुसरा भरती करा."

संध्याकाळपर्यंत आकडा पुन्हा पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. दोनदोनच्या रांगा लागल्या आणि मागे एक जण उरला. धुक्यात त्याचा चेहरा दिसेना. अंगावरून पाणी मात्र निथळत होतं.

"तीनतीनच्या करा."

तोच उरला. चारचारच्या केल्या, पाचपाचच्या केल्या, थेट दहादहाच्या केल्या. दर वेळी तो होताच.

सेनापतीने हट्टाने अकराअकराच्या रांगा लावल्या. आता दोघे उरले, तो आणि त्याच्याशेजारी एक जिवंत शिपाई. तो शिपाई परत आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. तेरातेराच्या लावल्या, तर बारा उरले. त्यातले अकरा जण कुडकुडत परतले.

सेनापतीने काठीने मातीत भागाकार मांडून पाहिले. पंचवीसशे एकवीसला कशानेच भाग जाईना.

म्हातारा जमादार जवळ आला. "सरकार, एक माणूस वाढला तर जोड्या जमतील."

"मग आणा एक."

"सगळे मोजून झालेत, सरकार. मोजायचे राहिलात ते तुम्हीच."

सेनापतीचा घोडा बाजूलाच उभा होता. तो निघून गेला असता तर कोणी अडवलं नसतं. त्याने लगामाला हातही घातला. मग त्या निळ्या ओठांच्या पोराकडे पाहिलं, लगाम सोडला आणि रांगांच्या मागे चालत गेला.

"रखमाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "दोर मी कापला. तू मध्यावर आहेस हे मला दिसत होतं."

एक गारठलेला ओला हात त्याच्या हातात आला.

"जोड्या जमल्या, सरकार," पुढून जमादाराने सांगितलं.

ऊन आलं, धुकं विरलं. सेनापतीच्या शेजारी कोणी नव्हतं. तिथली माती तेवढी भिजलेली होती.

त्याचा तो हात मात्र भर वैशाखातही पुन्हा कधी ऊबदार झाला नाही. आणि फौजेत किती माणसं, असं राजाने विचारलं की तो आकडा सांगत नसे; एकेकाचं नाव घेऊ लागे.

तात्पर्य: आपल्या हातून गेलेल्या जिवाचा भार वाटून देता येत नाही, तो पुढे होऊन स्वतःच उचलावा लागतो.