महाराजांच्या चुकांची यादी

मोरवळच्या महाराजांनी हुकूम काढला, की संस्थानातली एकुलती एक इंग्रजी शाळा बंद करावी आणि त्या जागेत शिकारी कुत्र्यांची सोय करावी. कुत्र्यांना निदान व्याकरण शिकवावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

व्याकरणाचं वेड खुद्द महाराजांचंच. एका उन्हाळ्यात ते थंड हवेच्या गावी गेले, तिथे एका गोऱ्या मास्तराकडे तीन महिने इंग्रजी शिकले आणि येताना लाल शाईच्या बारा दौती घेऊन आले. तेव्हापासून त्यांच्या लेखणीतून काही सुटेना. पाहुण्यांची पत्रं ते दुरुस्त करून पाहुण्यांनाच परत पाठवत. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी दुरुस्त करताना त्यांनी एकदा औषधाचं नावच बदललं, आणि राणीसाहेब दोन दिवस झोपून राहिल्या. इंग्रजीतला 'द' हा शब्द तर त्यांचा फार लाडका. दिसेल तिथे ते तो घालत. मोरवळचंसुद्धा त्यांनी 'द मोरवळ' करून टाकलं होतं.

शाळेचे नागेश मास्तर एकदा हळूच म्हणाले, की गावाच्या नावाआधी 'द' लागत नाही. त्यावर महाराजांनी त्यांच्याकडून 'द' हजार वेळा लिहून घेतला आणि शाळेतल्या सगळ्या वह्या तपासायला मागवल्या. वह्या लालभडक होऊन परत आल्या, आणि मागोमाग तो कुत्र्यांचा हुकूम आला.

मास्तर वाड्यावर जाऊन खूप विनवण्या करून आले. शेवटी महाराज एवढ्यावर कबूल झाले, की मुलांनी आठ दिवसांनी दरबारात यावं. कोणत्याही विषयावर इंग्रजीत एक पान लिहून आणावं. ज्या पानावर महाराजांना लाल खूण करता येणार नाही, त्या एका पानासाठी शाळा राहील आणि लिहिणाऱ्याला मागेल ते बक्षीस मिळेल.

शाळेत तेवीस मुलं होती आणि एक मुलगी. तिचं नाव सगुणा. तिचे वडील राजांच्या पागेत मोतद्दार होते, घोड्यांना खरारा करायचे. पुढची शाळा चाळीस कोसांवर. ही बंद झाली तर सगुणा घरी बसणार आणि घरी बसली की तिचं लग्न ठरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा मुलगा बघूनही झाला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि मराठीत तो फारसं बोलत नव्हता.

आठ दिवस मास्तरांनी मुलांकडून काळ, वचन, विरामचिन्हं घोटून घेतली. मग दरबार भरला. पहिल्या मुलाने गाईवर निबंध लिहिला होता. महाराजांनी गाईच्या चारही पायांना एकेक 'द' लावला. दुसऱ्याने तीनच शब्द लिहिले होते. महाराजांनी त्यातले दोन खोडले. दिवाणांच्या मुलाने तर महाराजांच्याच व्याकरणाच्या पुस्तकातला धडा जसाच्या तसा उतरवून आणला होता. त्यातही सात चुका निघाल्या. मुलाने पुस्तक उघडून दाखवलं, तेव्हा महाराजांनी पुस्तकही दुरुस्त केलं.

तेवीस पानं लाल झाली. मास्तर भिंतीला टेकून बसले. मग सगुणा पुढे झाली आणि तिने आपलं पान महाराजांसमोर ठेवलं.

पानाच्या डोक्यावर सुंदर इंग्रजी अक्षरांत एक मथळा होता: 'द मिस्टेक्स ऑफ द महाराजा इन द इंग्लिश'. म्हणजे महाराजांच्या इंग्रजीतल्या चुका. मथळ्याखाली पान कोरं होतं.

महाराजांनी मथळा तीनदा वाचला. तीन 'द' मोजले. एकही कमी नव्हता. मास्तरांनी मात्र भाषेच्या नावाआधीचा तो शेवटचा 'द' बघून डोळे मिटून घेतले.

महाराजांनी लेखणी दौतीत बुडवली आणि खालच्या कोऱ्या जागेवर नेली.

"महाराज," सगुणा म्हणाली, "तिथे खूण केली, तर ती या मथळ्याखाली येईल."

लेखणी हवेतच थांबली.

"पण पान भरलेलं कुठे आहे?" महाराजांनी विचारलं. "हे तर रिकामं आहे."

"यादी पूर्ण आहे, महाराज. मला याहून जास्त सापडल्या नाहीत. कमी वाटत असतील, तर आपण सांगा. मी इथेच बसून पान भरते. पाठपोट भरते."

महाराजांच्या लेखणीच्या टोकाशी लाल थेंब जमत होता. तो पानावर पडेल म्हणून त्यांनी घाईघाईने हात मागे घेतला, आणि थेंब पडला तो त्यांच्याच पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर. दिवाणांनी तोंडाला उपरणं लावलं. महाराजांनी डागाकडे पाहिलं, दिवाणांकडे पाहिलं आणि ते स्वतःच इतके हसले, की पागेतले घोडे खिंकाळले म्हणतात.

"शाळा राहिली," ते डोळे पुसत म्हणाले. "आता माग, काय हवं ते."

सगुणाने शाळेच्या गळक्या छपरासाठी कौलं मागितली, आणि आपल्या लग्नाचा विषय शाळा संपेपर्यंत कुणी काढू नये असा हुकूम मागितला. दोन्ही मिळालं. लग्नाचं महाराजांनी तिच्या वडिलांना पागेतून बोलावून तिथेच तोंडी बजावलं. कौलांचा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे, स्वतःच्या हाताने, इंग्रजीत लिहिला.

मास्तरांनी तो बाहेर येऊन वाचला. 'टाइल्स'च्या जागी महाराजांनी 'टेल्स' लिहिलं होतं. शाळेच्या छपरासाठी दोन हजार शेपट्या मंजूर झाल्या होत्या. मास्तरांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. सगुणाने तो हळूच धरला.

कारभाऱ्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. दरबारात कानांनी ऐकलं होतं तेवढंच त्यांनी केलं, म्हणून शाळेवर कौलं चढली.