घाण्याला जुंपलेले थोरले महाराज

वार मंगळवार. सूर्य कासराभर वर आलेला. ठिकाण, सांगवड संस्थानातली तेलीआळी. कोंडाबाई तेलिणीचा घाणा चालू असताना मठाचे वामदेवशास्त्री चार शिपाई घेऊन आत शिरले आणि घाणा ओढणाऱ्या बैलासमोर हात जोडून उभे राहिले.

"थोरले महाराज!" शास्त्रीबुवा गहिवरले. "काय ही दशा!"

कोंडाबाईनं मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"कोण हो थोरले महाराज?"

"हा तुझा बैल! चार वर्षांमागे वारले ते आपले थोरले महाराज याच देहात आलेत. काल समाधीत मला स्वच्छ दिसलं."

हौशा म्हणजे पंचक्रोशीतला सगळ्यात ताकदवान बैल. गेल्या जत्रेत शास्त्रीबुवांनी तो दोनदा मागितला होता आणि कोंडाबाईनं दोनदा नाही म्हटलं होतं. समाधी त्यानंतर लागली.

"बुवा, याचे दात बघा की!" कोंडाबाईनं बैलाचा जबडा उघडला. "आठ वर्षांचं जनावर आहे. थोरल्या महाराजांना जाऊन झाली चार. मग आधीची चार वर्षं ते गादीवर होते की माझ्या घाण्यावर?"

"मूर्ख बाई! आत्मा दात मोजून शिरतो होय?"

"आणि घाणा ओढायची पाळी यावी, असं थोरल्या महाराजांनी पाप तरी काय केलं?"

"मठाला गायरान देतो म्हणाले, आणि द्यायचं राहिलं!" शास्त्रीबुवांचं उत्तर तयारच होतं. "चला रे, सोडा महाराजांना!"

शिपायांनी जू उतरवलं. घाणा थांबला. कोंडाबाईच्या घरात दुसरा बैल नव्हता आणि घाण्याशिवाय दुसरा धंदा नव्हता. ती तशीच तेलकट हातांनी दरबारात गेली.

राजे मानाजीराव गादीवर लोडाला टेकून बसले होते. तोंडातून निघालेला शब्द त्यांनी जन्मात कधी मागे घेतला नव्हता, आणि सकाळीच ते मठाला 'न्या बैल' म्हणून बसले होते.

"शास्त्रीबुवा म्हणतात म्हणजे तो माझा बापच!" राजे गरजले. "आणि माझ्या बापाला तू घाण्याला जुंपलंस!"

"महाराज, पोट त्याच्यावर आहे माझं."

"उद्या दरबार उठायच्या आत तुझा बैल सोडवून दाखव. पण अट ऐक! शास्त्रीबुवांच्या एकाही शब्दाला खोटं म्हणायचं नाही. म्हणालीस तर बैल मठाचा, आणि तू वेशीबाहेर!"

दरबार खो खो हसला. शास्त्रीबुवांचा शब्द मोडायचा नाही आणि बैलही मिळवायचा! कारभाऱ्यांनी तर वेशीवरच्या पहारेकऱ्याला निरोपही धाडला.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई धुतलेलं लुगडं नेसून, हातात झेंडूची माळ घेऊन आली.

"महाराज, माझी काही तक्रार नाही. थोरल्या महाराजांना दरबारात आणा, पाया पडते आणि जाते."

हौशाला आणलं. कोंडाबाईनं त्याच्या गळ्यात माळ घातली आणि खुरांवर डोकं टेकलं. शास्त्रीबुवांचा चेहरा लाडू चुकून दोन वाढले गेल्यासारखा फुलला.

"बुवा, आत्मा तोच ना? फक्त देह बदलला?"

"तोच! त्रिवार तोच! अंगरखा बदलला म्हणून माणूस बदलतो का?"

"म्हणजे थोरले महाराज मेले नाहीत?"

"आत्म्याला मरण नाही! हे शेंबड्या पोरालाही कळतं!"

"मलाही कळलं आता." कोंडाबाई गादीकडे वळली. "महाराज, उठा."

"काय?"

"गादीवरून उठा! बाप हयात असताना मुलगा गादीवर बसत नाही, हा आपल्याच घराण्याचा रिवाज. थोरले महाराज उभे आहेत आणि युवराज लोडाला टेकलेत! शोभतं का हे?"

दरबारात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पडलं ते शेण. हौशानं गालिच्यावर भला मोठा पो टाकला.

"हा पहिला हुकूम!" कोंडाबाई म्हणाली. "कारभारी, लिहून घ्या!"

मानाजीरावांचे डोळे शास्त्रीबुवांवर रोखले गेले. हात तलवारीच्या मुठीवर होता. शास्त्रीबुवा दोन पावलं मागे सरले.

"तसं नव्हे, महाराज! गादी त्या देहाची होती. देह गेला, हक्क संपला!"

"गादीचा हक्क संपला," कोंडाबाई म्हणाली. "नातं?"

"तेही संपलं! मागच्या जन्मीचं काहीएक उरत नाही! ना गादी, ना बायको, ना मुलगा, ना..."

शास्त्रीबुवा थांबले. पण बोलून झालं होतं.

"ऐकलंत, महाराज? मी नाही म्हटलं हो, बुवांनीच म्हटलं. माझ्याकडून त्यांच्या एकाही शब्दाला धक्का नाही. आता तुम्हीच ठरवा. हा तुमचा बाप असेल तर गादी त्याची. नसेल तर बैल माझा!"

मानाजीरावांनी एकदा बैलाकडे पाहिलं, एकदा लोडाकडे, आणि असे हसले, असे हसले की पागोटं मांडीत पडलं.

"ने बाई, ने तुझा बैल! आणि देवीच्या नंदादीपाला यापुढे तेल तुझ्याच घाण्याचं! शास्त्रीबुवा, तो पहिला हुकूम तेवढा तुम्ही उचला. हातानं!"

कोंडाबाई हौशाला घेऊन निघाली. वाटेत मठाचा गोठा लागतो. त्यात त्या दिवशी अकरा जनावरं होती. कुणी पाटलाचा आजा, कुणी सोनाराची सासू, कुणी कुंभाराचा चुलता. सगळी समाधीत ओळखलेली, सगळी त्या त्या घरातून आणलेली. त्यांत एकही लंगडा बैल नव्हता, एकही भाकड गाय नव्हती. सांगवडचे पूर्वज फक्त धडधाकट जनावरांच्याच जन्माला का येतात, याचा खुलासा मठाकडून आजवर झालेला नाही.