नामदारांना हवं होतं नाव

गोदाकाठच्या दरडीत हत्तीहूनही थोराड अशा जनावरांची हाडं निघाली. त्यांच्या दाढांना छपरासारखा उतार होता, म्हणून संशोधक उर्मिला ओगले यांनी त्या अख्ख्या कुळाचं नाव 'छप्परदंती' असं ठरवलं.

त्या हाडांच्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला मंत्री आले, नामदार थोरबोले. सोबत चिरंजीव होते. ते येत्या निवडणुकीला उभे राहणार होते.

"एवढ्या थोर जनावराला छपराचं नाव?" नामदार गुरगुरले. "आमचं द्या. थोरबोले कुळ. नाहीतर उद्यापासून तुमची खोदाई बंद."

कलेक्टरांनी नजर खाली वळवली. खोदाई थांबली तर उरलेली हाडं पुरात वाहून जाणार, हे उर्मिलाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

"देते की," त्या शांतपणे म्हणाल्या. "फक्त पाटीवरचा मजकूर आत्ताच ऐकून घ्या, मागाहून मला बोल लावू नका." त्यांनी माईक पुढे ओढला. "थोरबोले कुळ. देह अवाढव्य, भूक अफाट. संपूर्ण कुळ नामशेष."

मांडवात मागे कुणीतरी हसू खोकल्यात दडवलं.

"तो शेवटचा शब्द काढा," नामदार म्हणाले.

"तो कसा काढू, साहेब? सगळं संपून मागे नुसतं नाव उरतं, त्यालाच नामशेष म्हणतात. आणि आपण तर नावच मागताय."

नामदारांनी एकवार चिरंजीवांकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

"दाढा छपरासारख्याच आहेत ना, बाई?"

"अगदी."

"मग जनावराचं नाव जनावरालाच राहू द्या."