मी यांना ओळखतो

सांगलीच्या जेरे वकिलांकडे प्रमिला आठल्ये चौतीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झाल्या आणि बारा वर्षांनी घरात एकट्याच वारल्या. ऑफिसने शोकसभा ठेवली. जुन्या समारंभाच्या ग्रुप फोटोतला एक चेहरा मोठा करून त्याला हार घातला.

जेरे वकील अर्धा तास बोलले. "प्रमिलाबाईंना मी लाखात ओळखेन!"

प्रमिलाबाईंची धाकटी बहीण लीलाबाई उठल्या. "वकीलसाहेब, पक्षकारांच्या प्रतिज्ञापत्रावर 'मी यांना ओळखतो' असं लिहून तुम्ही सही करता ना? तशीच या फोटोखाली करा. मला तेवढीच आठवण राहील."

वकिलांनी ऐटीत लिहून सही ठोकली.

लीलाबाईंनी फोटो लोकांकडे वळवला. "ही बाई कोण, मला माहीत नाही. माझी बहीण ही नव्हे."

फुलं वाहून बसलेल्या चाळीस माणसांपैकी एकालाही ते कळलं नव्हतं. वकील चाचरले, "मूळ ग्रुप फोटो मागवतो. त्यात असतीलच त्या."

"नाही सापडायची," लीलाबाई म्हणाल्या. "सगळे फोटोला उभे राहिलात, तेव्हा तुम्हीच तिला आत टायपिंगला बसवलं होतं."