मिशाळ माशाचे तेल

पूर्वी कांपिल्य नगरात उग्रायुध नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव भद्रक. एकदा राणीचे गुडघे आखडले. भद्रकाने तिला महिनाभर जवाच्या पेजेवर ठेवले. पण नुसत्या पेजेवर राजाचा विश्वास बसणार नाही, म्हणून त्याने मिशाळ माशाचे तेलही चोळायला दिले. चार लांब मिशांचा, अंगावर खवले नसलेला हा मासा डोंगरातल्या एकाच डोहात सापडे. राणी चालू लागली. नाव झाले ते तेलाचे आणि भद्रकाचे.

मग घरोघरी तेच तेल लागू लागले. लोकांनी डोहात विषारी साली कुटून टाकल्या, मेलेले मासे टोपल्यांनी उपसले. वीस वर्षांत डोह ओस पडला. तेलात काही गुण नाही, हे एकट्या भद्रकाला ठाऊक होते. पण मिळालेला मान त्याला सोडवेना. तो गप्प राहिला.

पुढे खुद्द राजाचेच गुडघे धरले. तेव्हा सोणा नावाची म्हातारी कोळीण घागर घेऊन भद्रकाच्या दारी आली.

“सारा उन्हाळा धुंडाळला, वैद्यबुवा. ही एकच मिळाली. पोटात अंडी आहेत हिच्या.”

भद्रकाने घागरीत डोकावून पाहिले. मासळी तळाशी मिशा हलवीत पडली होती.

“परत सोड तिला, बाई. या तेलाने कोणी बरे होत नाही. राणीही झाली नव्हती.”

सोणा त्याच्याकडे बघतच राहिली. “माझा भाऊ त्या डोहात बुडाला, याच माशापायी. आणि तुम्ही हे आता सांगता?”

सोणा घागर उचलून डोहाकडे निघाली. भद्रक तडक राजाकडे गेला आणि त्याने सारे कबूल केले, मासळी परत पाठवल्याचेही.

“तेव्हा खोटं बोललास की आत्ता?” राजाने विचारले.

“तेव्हा, महाराज.”

“एकदा फसवलंस. आता खरं बोलतोस हे कशावरून?”

राजाने त्याला नगराबाहेर हाकलले. शिपायांनी सोणाला वाटेतच गाठले आणि तिच्या हातून घागर हिसकावून घेतली.

नव्या वैद्याने राजाला तेल चोळले. रिवाज म्हणून जवाची पेजही दिली. महिन्याने राजा चालू लागला. वेशीबाहेर बसलेल्या भद्रकाला नगारे ऐकू आले. लोक तेलाचे गुण गात होते.

भिक्खूंना एवढी गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “तो राजा म्हणजे आज कोणाचेच न ऐकणारा हा तुमच्यातला भिक्खू तिस्स. सोणा म्हणजे भिक्खुणी धम्मा. भद्रक मीच होतो.”

“आणि ती मासळी, भन्ते?” एका भिक्खूने विचारले.

शास्ते म्हणाले, “त्या कुळात पुन्हा कोणालाच जन्म मिळाला नाही. आईच उरली नव्हती. सत्य ही पारमिता आहे, बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायचा गुण आहे, भिक्खूंनो. त्या जन्मी मी ती पाळली, पण वीस वर्षे उशिरा.”