नुसती जमीन

"मग चूक कुठे आहे, ते तरी दाखवा, मॅडम."

निषाद वेलणकर उभ्यानेच बोलत होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

नाडकर्णी मॅडम चष्मा पुसत होत्या. बागा, मैदानं, नदीकाठ आखण्यात त्यांची उभी हयात गेली. सत्तरी ओलांडली, तरी आमच्या ऑफिसात संगणकावर त्यांच्याइतका भराभर हात कुणाचा चालत नसे. जमिनीचं मॉडेल करायचं तर यांच्याच हाताखाली शिकावं, असं ऐकून निषाद परदेशातली पदवी घेऊन आमच्याकडे आला होता.

शिकलाही पटकन. आणि शिकल्याबरोबर डोक्यात हवा गेली.

कासारखेडच्या टेकडीवर नगरपालिकेला खुलं नाट्यगृह हवं होतं. उतारावर दगडी पायऱ्या, खाली रंगमंच. निषादने ड्रोन उडवून टेकडी मोजली, तिचं मॉडेल केलं, त्यावर पायऱ्या बसवल्या. काम देखणं होतं, नाही कोण म्हणतं. पालिकेला आवडलं. सोमवारी जेसीबी लागणार होता. अडलं होतं ते फक्त मॅडमच्या सहीपाशी.

आणि मॅडम सही करत नव्हत्या.

"चूक नाही," त्या म्हणाल्या. "फार स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहे म्हणून सही नाही?"

"फिल्टर काढ."

निषादने माझ्याकडे पाहिलं. बघ, म्हातारी काय म्हणतेय, अशा नजरेने. मी शेजारच्याच टेबलावर बसायचे. त्याला वाटलं, मी हसेन. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

"मॅडम, फिल्टर काढून कसं चालेल?" लहान मुलाला समजावतात तसा तो समजावू लागला. "ड्रोनला वरून सगळंच दिसतं. झाडं, झुडपं, गुरं, कचरा. ते गाळायचं, म्हणजे खाली नुसती जमीन उरते. तुम्हीच शिकवलंत."

"मीच शिकवलं. काढ."

त्याने चरफडत माउस फिरवला. पडद्यावरची गुळगुळीत टेकडी खडबडीत झाली. झाडं परत आली. पूर्वेच्या उतारावर, बरोबर पायऱ्यांच्या जागी, पित्ताच्या गांधी उठाव्यात तसे बारीक बारीक उंचवटे उठले.

"हे काय आहे?"

"झुडपं असतील. दगड असतील. सॉफ्टवेअरने गाळले, म्हणजे ती जमीन नव्हे."

"झुडपं ओळीत उगवतात? सारखं अंतर सोडून? सगळी एकाच दिशेला आडवी?"

निषादने उंचवटे मोठे करून पाहिले.

"या भागात तान्ही मुलं गेली, तर जाळत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पुरतात. वर दगड रचतात, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून."

निषादच्या कपाळावरची शीर फुगली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"फिल्टर काढून बघितलं. मग टेकडी चढले. मग खाली विहिरीवर विचारलं."

"आणि मला कोण सांगणार होतं हे?" त्याचा आवाज चढला. "सातबाऱ्यावर नाही. पालिकेच्या नकाशात नाही. एका माणसाने हरकत घेतलेली नाही. मी सगळे कागद तपासलेत, मॅडम. माझं पहिलं मोठं काम आहे हे. चार दगडांपायी ते..."

तो थांबला. उशिरा थांबला.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पायांत चपला सरकवल्या.

"गाडी काढ."

तासाभराचा रस्ता. मी मागच्या सीटवर बसून त्याच्या मानेकडे बघत नुसती धुमसत होते. गाळलं म्हणे. चहा आहे का तो?

आम्ही वर चढलो तेव्हा ऊन कललं होतं. पूर्वेचा उतार सावलीत गेला होता. तिथे ते होते सगळे, ओळीने. हातभर लांबीचे, दगड रचलेले. काहींवर गवत माजलेलं, काहींवर वाळलेलं फूल.

त्यातल्या एकापाशी एक बाई उकिडवी बसली होती. डोईवर पदर, शेजारी पाण्याची बाटली. काथ्याने वरचा दगड खसाखसा घासत होती.

दगडावर पांढरी फुली होती.

ड्रोन उडवण्याआधी जमिनीवर ठिकठिकाणी अशा फुल्या मारतात. वरून काढलेल्या फोटोंत त्या दिसतात आणि मोजमाप त्यांना धरून बसवलं जातं. फुलीला सपाट दगड लागतो. या उतारावर सगळ्यांत सपाट दगड हाच होता.

निषाद जागच्या जागी उभा राहिला. मोजणीला तो एकटाच आला होता. फुली त्यानेच मारली होती.

बाईने आम्हाला पाहिलं. उठून पदर सारखा केला.

"सरकारी मानसं का तुमी?"

ती निषादकडे वळली. तिघांत तोच तिच्या मुलाच्या वयाचा होता. ते मूल जगलं असतं तर.

"दादा, ह्यो रंग कशानं निघंल वो? राखंनं घासला, रॉकेलनं घासला. निघंना."

"ऑइलपेंट आहे..." निषाद कसाबसा म्हणाला. "थिनरने निघेल. मी आणून देतो."

"लई उपकार व्हतील. कुनी मारली, काय ठावं. बारशाच्या आदीच गेलं वो माजं. नाव सुदिक न्हवतं. येवढा धोंडाच हाय त्येचा."

ती परत खाली बसली आणि घासू लागली. काथ्याचा आवाज होत राहिला. मला वाटलं, आता मॅडम त्याला झोडपतील. झोडपावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्या नुसत्या उभ्या होत्या.

निषाद त्यांच्याजवळ आला. चेहरा पार उतरला होता. बाईला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलला.

"मॅडम, सही नको. ड्रॉइंग रद्द करतो. पालिकेला आत्ता फोन लावतो. काम गेलं तर जाऊ दे."

"फोन नंतर. आधी यांच्यासमोर बस, आणि तू इथे काय बांधणार होतास, ते यांना सांग."